कोमट असतानाच

रागावलेल्या माणसासमोर तळहात धरून त्याची धग मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमचा साहेब.

मुरबाडच्या एमआयडीसीत, मुख्य रस्त्यापासून बराच आत, पत्र्याच्या शेडचा आमचा कारखाना होता. दुसऱ्यांचं पोलाद आमच्याकडे यायचं. आम्ही ते भट्टीत लालबुंद तापवायचो, पाण्याच्या टाकीत बुडवायचो, पुन्हा बेताच्या आचेवर तापवायचो आणि ज्याचं त्याला परत धाडायचो. येताना आणि जाताना तुकडा दिसायला तोच. त्यामुळे मी नेमकं काय काम करते हे शहापूरला माझ्या आईला कधीच पटलं नाही. गरम करून थंड करता आणि थंड करून परत गरम करता, मग पहिल्यांदाच नीट का करत नाही, असं ती विचारायची. साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, तुझ्या आईचा प्रश्न बरोबर आहे, उत्तर लांब आहे.

ते उत्तर मी थोडक्यात सांगते. तापवून पाण्यात बुडवलेलं पोलाद कडक होतं, पण त्याचा काही भरवसा नसतो, एक घाव बसला की काचेसारखं फुटतं. म्हणून त्याला पुन्हा मंद आचेवर बसवायचं. त्याला आम्ही टेंपर म्हणायचो. त्याने कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. आणि या दोन तापवण्यांच्या मध्ये एक नाजूक वेळ असते. पाण्यातून काढलेला जॉब, म्हणजे तो पोलादाचा तुकडा, पुरता गार होऊ द्यायचा नाही. हाताला कोमट लागतोय तोवर त्याला टेंपरच्या भट्टीत बसवायचं. तसाच टाकून घरी गेलात तर आतल्या ताणाने तो आपला आपण तडकतो. कोणी हात लावत नाही, कोणी पाडत नाही, उभ्या उभ्या चीर जाते.

हा नियम जगातल्या सगळ्या भट्टीवाल्यांना ठाऊक असतो. आमच्या साहेबांनी तो माणसांना लावला होता.

साहेब भयंकर रागवायचे. आवाज बारीक, पण शब्द असे की समोरच्याला आपण जन्मालाच का आलो असं वाटावं. आणि मग अर्ध्याएक तासाने, हातातलं काम टाकून, ज्याला झापलं त्याला शोधत यायचे. जवळ येऊन उजवा तळहात त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर धरायचे, भट्टीच्या दारासमोर धरावा तसा, आणि विचारायचे, "कोमट झालास का?" तो माणूस हसला किंवा निदान मान हलवली तर त्याला टपरीवर चहाला न्यायचे. नाही हलवली तर "अजून गरम आहे, नंतर येतो," म्हणून खरंच नंतर यायचे. झापलेला माणूस तसाच घरी गेला असं त्यांच्या शिफ्टमध्ये कधी होऊ द्यायचे नाहीत. एकदा एक ड्रायव्हर रागाने निघून गेला, तर साहेब स्कूटर घेऊन सरळगावच्या नाक्यापर्यंत त्याच्या मागे गेले. गाडी अडवून, काचेतून आत हात घालून त्यांनी त्याची धग मोजली म्हणे. पाठीमागे त्यांना कोमटसाहेब हे नाव पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

माझी पाळी नोकरीला लागल्याच्या पहिल्याच महिन्यात आली. माझं काम तुकडे मोडण्याचं. प्रत्येक जॉबबरोबर त्याच पोलादाचा एक तुकडा भट्टीत जायचा, आणि मग त्यातून बोटाएवढी नमुन्याची कांडी काढून, तिला मधोमध खाच पाडून, ती मी लॅबमध्ये मोडायची. पण अशी नाही मोडायची, गोठवून मोडायची. आमचे जॉब जायचे ते बर्फाच्या मुलखात, जिथे पाइपाच्या आतलं आणि बाहेरचं सगळंच थिजलेलं असतं. मुरबाडच्या मे महिन्यात जे पोलाद वाकेल पण तुटणार नाही, तेच तिथे पापडासारखं मोडू शकतं. म्हणून स्पिरिटच्या डब्यात सुका बर्फ टाकून शून्याखाली चाळीसपर्यंत थंडी करायची, कांडी त्यात भिजत ठेवायची, चिमट्याने उचलून झटकन यंत्राखाली ठेवायची आणि लंबकाचा हातोडा सोडायचा. चिवट कांडी हातोड्याला अडवते, ठिसूळ कांडी त्याला सुखाने जाऊ देते. किती अडवलं त्याचा आकडा यंत्रावर उमटतो.

मी चिमटा गार करायला विसरले होते. गरम चिमट्याने उचललेल्या कांडीची थंडी उतरली होती आणि आकडा उगाचच छान आला होता. साहेबांनी पाठीमागून पाहिलं आणि सुरू झाले. त्या आकड्यावर विसंबून तिकडे कोणीतरी माणूस यंत्राशेजारी उभा राहील, हे तुला कळतं का, असं काही तरी म्हणाले. बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. अर्ध्या तासाने लॅबच्या दारात तळहात पुढे करून उभे. मी म्हटलं, साहेब, मी पोलादाचा शाफ्ट नाही. ते म्हणाले, "अजून गरम आहेस," आणि गेले. पुन्हा आले तेव्हा माझ्याने हसू आवरलं नाही. टपरीवर त्यांनी मला चहा पाजला आणि चहा पिताना एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं काम झालं होतं.

सुका बर्फ कल्याणहून आणावा लागे. मुरबाडला रेल्वे नाही, एसटी वेळेवर असेल तर नशीब, त्यामुळे साहेब थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन शेअरच्या जीपमधून यायचे. झाकणाच्या फटीतून पांढरी वाफ निघायची आणि पाय झाकून टाकायची. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. शेजारची बाई सरकत सरकत दाराला चिकटली आणि शेवटी म्हणाली, "काय हाय ओ त्यात?" साहेब गंभीरपणे म्हणाले, "थंडी." तिने पुन्हा विचारलं, कशाला नेता? तर म्हणे, आमच्याकडे लागते. पुढच्या फाट्यावर ती उतरली. तिला तिथेच उतरायचं होतं की नाही, देव जाणे.

"उन्हात सगळेच चिवट असतात," असं ते म्हणायचे. "परीक्षा थंडीत." हे पोलादाबद्दलच म्हणत असावेत, असं मी पुष्कळ दिवस धरून चालले होते.

सकाळी आल्या आल्या ते चहाच्याही आधी मोबाइलवर हवामान बघायचे. मुरबाडचं नव्हे. आमचे जॉब ज्या गावांना गेले त्या गावांचं. ती गावं कुठल्या देशात आहेत हे पाठवणीच्या माणसाला विचारून घ्यायचे, नावांचे उच्चार भलतेच करायचे, पण एकेका गावाची थंडी त्यांना पाठ असे. आज तिकडे उणे एकतीस, म्हणायचे, आपल्या त्या मोठ्या रिंगचं कसं चाललं असेल. दूर सासरी दिलेल्या मुलीची काळजी करावी तशी ते त्या रिंगची काळजी करायचे. तिकडून कधी कोणाचं काही कळायचं नाही. कळलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे त्यांनाही माहीत होतं. पण बातमी नसणं आणि खुशाली कळणं या दोन गोष्टी एक नाहीत, हेही माहीत असावं. ते मुरबाडच्या एसटी स्टँडमागे एका खोलीत एकटे राहायचे. लग्न राहून गेलं, असं सांगायचे, छत्री राहून गेल्यासारखं.

त्या खोलीच्या भिंतीवर कोयते टांगलेले होते. दर पौषात साहेब म्हसा गावच्या जत्रेला जायचे. लोक बैल बघायला जातात, घोंगड्या घ्यायला जातात. हे लोहारांच्या पालावर जाऊन बसायचे. एकेक कोयता उचलून दोन बोटांत लोंबता धरायचे आणि नखाने टिचकी मारून कानाशी न्यायचे. पाणी चांगलं बसलेला कोयता लांब वाजतो, म्हणत. लोहार वैतागायचे, घ्यायचं तर घ्या म्हणायचे, आणि साहेब एक घ्यायचे. वरच्या मजल्यावरच्या खोलीत कापायला ना झाड ना गवत. घरमालकीण एकदा कारखान्यात चौकशी करून गेली, की हा माणूस बरा आहे ना, म्हणून. त्याने इतके कोयते कशाला ठेवलेत, आणि रविवारी सकाळी चमच्याने ते वाजवत का बसतो, हे तिला समजून घ्यायचं होतं. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, घरात कोणाचा तरी आवाज नको का? मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मीही त्या कारखान्यात एकटीच बाई होते. जेवणाच्या सुट्टीत पुरुष शेडमागे झाडाखाली बसायचे, मी लॅबमध्ये दार लावून जेवायचे. म्हणून असेल, साहेबांचं एकटेपण मला लवकर दिसलं. पण त्याचं मूळ दिसलं ते एका भाऊबीजेला.

दिवाळीत भट्टी बंद असते, पण त्या वर्षी एक तातडीचा जॉब आला आणि अर्धा दिवस आम्ही कामावर होतो. काम आटोपलं तेव्हा शहापूरची गाडी निघून गेली होती, पुढची संध्याकाळी. साहेब स्कूटरला लाथ मारत म्हणाले, चल, बहिणीकडे जाऊन येऊ, मग तुला स्टँडवर सोडतो. मला ठाऊकच नव्हतं त्यांना बहीण आहे.

म्हशाच्याही पुढे आत एक गाव. भाताची कापणी झालेली, अंगणात पेंढ्याचा ढीग. दारात एक उंच, ताठ, पांढऱ्या केसांची म्हातारी उभी होती. साहेबांपेक्षा पुष्कळ मोठी. तिने मला पाहिलं आणि ओळख ना पाळख, एकदम म्हणाली, "ये गो बाय, बस. दमली असशील." मग साहेबांकडे वळली. "या. बसा तुमी."

मी ऐकलं, पण लक्षात आलं नाही. तिने पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली, ओवाळलं, सगळं रीतीप्रमाणे केलं, एक गोष्ट चुकवली नाही. मग पाट उचलला आणि साहेबांना प्लास्टिकची खुर्ची दिली. मला पितळेच्या पेल्यात चहा, साहेबांना पाहुण्यांची कपबशी. "घ्या," ती म्हणाली. करंज्यांची ताटली पुढे केली. "अजून घ्या." साहेबांनी विचारलं, गुडघे कसे आहेत? ती म्हणाली, "बरे हायेत. तुमचं बरं चाललंय ना?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शेजारून डोकावलेल्या बाईला, मला, अंगणातल्या कुत्र्याला ती रे-गो करत होती. सख्ख्या धाकट्या भावाला, ज्याला तिने कडेवर वागवला असेल, त्याला ती अहो-जाहो करत होती. आणि साहेब खुर्चीच्या टोकावर बसून, सरकारी हपिसात बसावं तसे, कपबशी सांभाळत होते.

परतताना त्यांनी वाटेत एका झाडाखाली स्कूटर थांबवली. मी काही विचारलं नव्हतं. आई गेली तेव्हापासून असं बोलते, म्हणाले. "शिवी दिली असती तरी चाललं असतं गं. शिवी आपल्या माणसाला देतात."

पुढचं मला जनूभाऊने सांगितलं. जनूभाऊ भट्टीवरचा माणूस, म्हशाकडचाच, कमी बोलणारा. साहेबांचे वडील लवकर गेले, आई या मुलीजवळच राहायची. त्या दुपारी एक भलामोठा शाफ्ट नुकताच पाण्यातून काढला होता आणि टेंपरच्या भट्टीत आधीचा माल होता, तो निघायला वेळ होता. भाच्याचा फोन आला, आजीचं काही खरं नाही, सारखं तुमचं नाव घेते. साहेब शाफ्टवर हात ठेवून उभे होते. जनूभाऊ म्हणाला, सायेब, तुमी निघा, मी ठेवतो भट्टीत. साहेब म्हणाले, तुला नाही जमायचं. ते थांबले. भट्टी मोकळी झाली, कोमट शाफ्ट आत गेला, दार लागलं, काटा चढायला लागला, तेव्हा कुठे निघाले. पोचले तेव्हा आईला अंगणात घेतलेलं होतं. बहीण उंबऱ्यावर उभी होती. "आता कशाला आलास?" म्हणाली. आणि या शहाण्या माणसाने उत्तर काय द्यावं? "काम होतं."

"आलास" हे त्या बाईच्या तोंडचं त्यांच्यासाठीचं शेवटचं एकेरी. त्यानंतर "या, बसा, घ्या."

"त्याआधी सायेब कुनाला कोमट बिमट इचारीत नसत," जनूभाऊ म्हणाला. "झापायचं नि जायचं. हे खूळ मागून लागलं."

नंतर एकदा साहेब स्वतःच बोलले. दुसऱ्या दिवशी तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं, तेव्हा ती अजून रडत होती, ओरडत होती. पण मला वाटलं, राग निवू दे. दिवस होऊ देत. मग लावणी आली, मग कापणी आली. "पार गार झाली," ते म्हणाले, आणि लंबकाच्या यंत्रावरची धूळ बोटाने पुसत राहिले. मला त्यांचा राग आला होता. एवढं कळतं तर जाऊन बोला ना, तिच्या अंगणात बसून रडा ना. पण ज्याला कपबशीतून चहा मिळतो त्याला तिथे रडता येत नाही, हे मलाही कळत होतं.

मग तो दिवस आला. जत्रा उठून गेली होती, सकाळी गारठा होता. एक मोठा जॉब, असाच जाड, पाण्यातून निघाला होता. टेंपरची भट्टी अजून भरलेली. साहेबांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. भाचा म्हणत होता, आई चक्कर येऊन पडली, ताप चढलाय, डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून गेलेत, पण ती दवाखान्यात यायला तयार नाही, तुम्ही येता का?

फोन कानाला तसाच धरून साहेब जॉबकडे बघत राहिले. शेडमध्ये सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. जनूभाऊ जमिनीकडे बघत होता. या खेपेला तो काही म्हणाला नाही. मीही म्हणाले नाही. म्हणावंसं फार वाटत होतं, पण ते कोणी त्यांच्याऐवजी म्हणण्यासारखं नव्हतं.

"इकडे ये," साहेब मला म्हणाले. हात धरून जॉबजवळ नेलं आणि माझा तळहात त्याच्यावर टेकवला. एवढी ऊब हवी, म्हणाले. याच्या खाली जाऊ द्यायची नाही. भट्टीच्या दाराशी सरकवा, वरून पांढरी ब्लँकेट टाका, वाऱ्याला ठेवू नका, भट्टी मोकळी झाली की एक क्षण थांबू नका. मी हो म्हटलं. ते स्कूटरपर्यंत गेले, परत आले, पुन्हा तेच सगळं सांगितलं. पुन्हा गेले. फाटकापाशी स्कूटर थांबली, मला वाटलं आता येतात परत. पण त्यांनी फक्त मफलर नीट केला आणि गेले.

आम्ही काय केलं ते सांगण्यासारखं काही नाही. जॉब भट्टीच्या दाराशी सरकवला, ब्लँकेटमध्ये गुंडाळला, मी आणि जनूभाऊ आळीपाळीने हात लावून बघत राहिलो. भट्टी मोकळी झाली, जनूभाऊने क्रेनने तो उचलून आत ठेवला, दार लावलं. बस्स. भाजी करपू नये म्हणून बघावं इतकंच काम ते. पण संध्याकाळपर्यंत मी भट्टीच्या काट्यासमोरून हलले नाही. साहेबांचा इतक्या वर्षांत एकही जॉब तडकला नव्हता, आणि हा तडकला तर त्यांच्या बहिणीच्या नावावर जाईल, असं काही तरी वेड्यासारखं मला वाटत होतं.

साहेब दोन दिवस आले नाहीत. त्यांची अशी रजा कोणाला आठवत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा दाढी वाढलेली, शर्ट भाच्याचा असावा, ढगळ. सरळ लॅबमध्ये आले आणि स्टुलावर बसले. हवामान बघितलं नाही.

मी विचारलं, ताई कशा आहेत?

बरी आहे, म्हणाले. ताप उतरला. मग एखाद्या पोराने बक्षिसाची गोष्ट सांगावी तसे सांगत सुटले. ते पोचले तेव्हा ती बाजेवर पडून होती. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आज काम नव्हतं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, होतं."

ती कुशीवर वळली. भिंतीकडे तोंड करून पडली. सुनेने साहेबांना ताट वाढलं, तिथेच बाजेशेजारी जमिनीवर. खुर्ची कोणी आणली नाही. साहेब खाली मान घालून जेवत होते. आणि मग पाठमोरीच, भिंतीकडे बघतच ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"भात घे अजून." साहेबांनी मला ते दोनदा ऐकवलं. "घे म्हणाली. घ्या नाही. घे." मग चष्मा काढून पुसत बसले, आणि मी उगाच कपाट उघडून त्यात काही शोधायला लागले, कारण माझेही डोळे भरून आले होते. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ती त्यांना बरंच काही बोलली म्हणे. वाळलास, म्हणाली. खोलीवर काय खातोस, म्हणाली. हे सगळं त्यांनी एकेरीच्या एकेका प्रत्ययासकट सांगितलं.

मग आठवण होऊन त्यांनी विचारलं, "फुटला?"

मी याचीच वाट बघत होते. नाही फुटला, म्हटलं. लाल रंग लावून, पुसून बघितला, चीर असेल तर तिच्यात रंग राहतो, पण कुठे केसाएवढी रेघ नाही. आणि कालच कांड्या मोडल्या, चिमटा गार करून. आकडा या वर्षातला सगळ्यात चांगला. मी मोडलेल्या कांडीचे दोन तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. ठिसूळ पोलाद मोडलं की आत साखरेसारखं चकाकतं. हे नव्हतं चकाकत. मळकं, करडं, दोरा तुटल्यासारखं तंतू तंतू, ओढून ओढून तुटलेलं. उणे चाळीसमध्येसुद्धा त्याने हातोड्याला सहज जाऊ दिलं नव्हतं. साहेबांना अशा मोडलेल्या कडेइतकी सुंदर गोष्ट दुसरी कुठली वाटत नसे.

ते खूश होतील असं मला वाटलं होतं. ते तुकड्यांकडे बघत राहिले. एक फिरवून पाहिला, दुसरा फिरवून पाहिला, दोन्ही जुळवून पाहिले. त्यांचा चेहरा हळूहळू असा झाला की मी काय चुकीचं बोलले ते मला कळेना.

"म्हणजे मी नसलो तरी होतं," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हीच तर सांगून गेला होतात. त्यांनी ऐकलं नाही. जनूभाऊ दारात उभा होता, साहेब आले म्हणून बघायला आला होता.

"जनू," साहेब म्हणाले, "त्या दिवशी तू म्हणाला होतास."

"काय सायेब?"

"तुमी निघा, मी ठेवतो. म्हणाला होतास तू. आई गेली त्या दिवशी." तुकडे त्यांच्या मुठीत होते. "तुला जमलं असतं रे."

जनूभाऊने हातमोजे काढले, एकमेकांवर आपटून झटकले, पुन्हा घातले.

"नाय सायेब," तो म्हणाला. "तवा मला नसतं जमलं."

साहेबांनी मान हलवली आणि कितीतरी वेळ ती तशीच हलवत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं. जनूभाऊ त्या भट्टीवर साहेब कारखान्यात येण्याच्याही आधीपासून होता, आणि साहेबांना पहिला जॉब भट्टीत कसा बसवायचा ते त्यानेच दाखवलं होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.